पावलं मोजून तिबेटचा नकाशा: हे खरंच शक्य होतं का?

प्रश्न असा आहे: नैनसिंह रावत नावाच्या कुमाऊँनी माणसाने १८६५-६६ साली जपमाळेवर पावलं मोजत तिबेट पालथा घातला आणि त्यावरून इंग्रजांनी नकाशा काढला, असं सांगतात. हे खरं की रंगवलेली गोष्ट? पावलांनी इतकी अचूकता येते का? आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं राहत असताना याला ‘शोध’ का म्हणायचं?

माझी नोकरी सगळी मोजणीत गेली. आधी साखळी आणि कोन मोजणारा थिओडोलाइट, मग कोन-अंतर दोन्ही मोजणारं टोटल स्टेशन, शेवटी उपग्रहांवर चालणारी यंत्रं. कालवे, घाटरस्ते, बुडीत क्षेत्राच्या हद्दी, असली कामं. त्यामुळे उत्तरही मोजणीदाराचंच असणार. गोष्ट खरी आहे. मात्र सांगणारे पावलांपाशीच थांबतात, आणि पावलं हा त्या कामातला सर्वांत कच्चा माल होता. तो पक्का कसा केला, ते सांगण्यासारखं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा (जिच्यावर पुढचे सगळे त्रिकोण उभे राहतात ती नेमकी मोजलेली रेषा) मोजून हिंदुस्थानचं त्रिकोणमापन सुरू केलं. पन्नासेक वर्षांत त्रिकोणांची जाळी हिमालयाच्या पायथ्याला भिडली. मैदानातून थिओडोलाइट लावून बर्फाच्छादित शिखरांच्या जागा आणि उंच्या काढता येत होत्या. एव्हरेस्टची उंची तशीच निघाली, त्या शिखराजवळ कोणीही न जाता. पण शिखरांच्या पलीकडे काय आहे ते दुर्बिणीतून दिसत नाही. चीनच्या बादशाहीने तिबेटच्या सीमा परक्यांना बंद केल्या होत्या, गोरा माणूस तर लगेच ओळखू आला असता. तिथे थिओडोलाइट, निशाणं, मोजणीच्या मदतनिसांची टोळी घेऊन जाणं अशक्य.

काश्मीरची मोजणी करणाऱ्या टॉमस माँटगोमेरी या अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की लडाख आणि मध्य आशियातल्या यारकंदच्या दरम्यान हिंदुस्थानी व्यापारी बिनदिक्कत ये-जा करतात. मग त्यांनाच मोजणी का शिकवू नये? १८६२ साली त्याने तसा प्रस्ताव मांडला. पहिला माणूस, अब्दुल हमीद, १८६३ मध्ये यारकंदला गेला. परतताना वाटेतच वारला, पण त्याच्या नोंदी हाती लागल्या. पद्धत चालते हे सिद्ध झालं. त्यानंतर नैनसिंह.

नैनसिंह जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचा. ही शौका व्यापाऱ्यांची वस्ती. उन्हाळ्यात खिंडी ओलांडून तिबेटात जायचं, धान्य द्यायचं, मीठ, लोकर, टाकणखार आणायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा. त्याला तिबेटी भाषा आणि रीतिरिवाज माहीत होते, आणि श्लागिनट्वाइट या जर्मन भावांबरोबर त्याने १८५०च्या दशकात मोहीमही केली होती. नंतर गावच्या शाळेत मास्तर झाला, म्हणून ‘पंडित’. हेच नाव पुढे या सगळ्या गुप्त मोजणीदारांना चिकटलं. त्याला आणि त्याचा चुलतभाऊ मानीसिंह याला डेहराडूनच्या मोजणी कचेरीत आणून शिकवलं.

शिकवलं काय? पहिली गोष्ट, एकसारखं चालणं. चढ असो, उतार असो, पावलाची लांबी ढळू द्यायची नाही. मैलाला साधारण दोन हजार पावलं. दर शंभर पावलांना माळेचा एक मणी ओढायचा. नेहमीची माळ १०८ मण्यांची, यांची १०० मण्यांची. आठ मणी कमी आहेत हे दुसऱ्याच्या गळ्यातल्या माळेकडे बघून कोणाला कळतं? माळ एकदा फिरली की दहा हजार पावलं, म्हणजे पाचेक मैल. हातातल्या प्रार्थनाचक्रात मंत्राच्या गुंडाळीऐवजी कोरे कागद, त्यावर दिशा आणि अंतरांच्या नोंदी. कोणी जवळ येऊ लागलं की चक्र फिरवायला लागायचं. जप चाललेल्या माणसाला मध्येच थांबवून चौकशी करणं तिथे शिष्टसंमत नाही. पेटीच्या चोरकप्प्यात सूर्य-ताऱ्यांचे कोन मोजणारं सेक्स्टंट, काठीच्या पोकळीत थर्मामीटर, कवड्यांमध्ये मेणाने बंद केलेला पारा. पारा कशाला, ते पुढे येईलच.

आता अचूकतेचं. आम्ही ज्याला ट्रॅव्हर्स म्हणतो तेच हे काम. एका बिंदूवरून पुढच्या बिंदूची दिशा होकायंत्राने घ्यायची, अंतर मोजायचं, तिथे पोचलं की पुन्हा तेच. सराव असलेला माणूस सपाटीवर पावलांनी शंभरात एक-दोनच्या आत अंतर सांगतो. पण चूक दोन जातींची असते, आणि हा फरक कळल्याशिवाय नैनसिंहाचं काम कळत नाही. एक पाऊल इंचभर लांब, दुसरं इंचभर आखूड, अशी वेडीवाकडी चूक लांब पल्ल्यात बरीचशी आपसात फिटून जाते. ती मला घाबरवत नाही. घाबरवते ती एकाच बाजूला झुकणारी चूक. रोज थकवा येऊन पाऊल नेमकं अर्धा इंच आखूड पडत असेल, तर हजार मैलांत सोळा मैलांचा फरक पडतो, आणि चालणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आमच्याकडे ३३ फुटांची साखळी होती, जिच्या चौरसाला आपण गुंठा म्हणतो. वापरून वापरून तिच्या कड्या झिजतात आणि साखळी लांबते, म्हणून ती ठरावीक मापाशी वरचेवर ताडून बघायची. तिबेटच्या पठारावर, पंधरा हजार फुटांवर, वारा तोंडावर घेत चालणाऱ्याने आपलं पाऊल कशाशी ताडायचं?

आकाशाशी. इथे पारा कामाला येतो. अक्षांश काढायचा तर तारा किंवा मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून किती वर आहे ते मोजावं लागतं. समुद्रावर क्षितिज मिळतं, डोंगरांत नाही. म्हणून लाकडी वाडग्यात पारा ओतायचा. त्याचा पृष्ठभाग आपोआप सपाट होतो. सेक्स्टंटने वरचा तारा आणि पाऱ्यातलं त्याचं प्रतिबिंब यांच्यातला कोन मोजायचा. तो कोन ताऱ्याच्या उंचीच्या दुप्पट असतो, म्हणून निम्मा करायचा. निम्मा करताना वाचनातली चूकही निम्मी होते, हा वरचा फायदा.

या रीतीला एक अडचण आहे, तीही सांगतो, कारण मला ती कुठे लिहिलेली क्वचितच दिसते. सेक्स्टंटवर साधारण १२० अंशांच्या थोडं पुढेपर्यंतच कोन वाचता येतो, म्हणजे पाऱ्याच्या वाडग्यात साठ-पासष्ट अंशांपेक्षा वर असलेला सूर्य किंवा तारा पकडता येत नाही. तिबेटच्या राजधानीत, ल्हासात, जानेवारीत मध्यान्हीचा सूर्य चाळीसेक अंशांवर असतो, सहज मोजता येतो. एप्रिलमध्ये तो सत्तर अंशांवर जातो, खेळ संपला. मग रात्रीचे तारे. नैनसिंह ल्हासात जानेवारी ते एप्रिल १८६६ राहिला. म्हणजे थंडीच्या रात्री, धर्मशाळेवजा जागेत, कोणी बघत नाही अशी वेळ साधून, वाऱ्याने पारा थरथरू न देता तारे टिपायचे. त्याच मुक्कामात, परवानगीशिवाय ल्हासात आलेल्या एका चिनी माणसाचं भर रस्त्यात डोकं उडवलेलं त्याने पाहिलं होतं.

सूर्य आणि ताऱ्यांच्या अशा वीसेक वाचनांवरून ल्हासाचा अक्षांश निघाला २९ अंश ३९ मिनिटं १७ सेकंद. आज उपग्रहाचं यंत्र घेऊन ल्हासाच्या जुन्या गावात उभे राहिलात तर २९ अंश ३९ मिनिटंच दिसतील. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर एकतीस मीटर. आता दोन मुक्कामांच्या अक्षांशांतला फरक पक्का कळला की त्यांच्यातलं उत्तर-दक्षिण अंतर पक्कं कळतं, आणि त्याच टप्प्यातल्या पावलांशी ते ताडलं की पावलाची खरी लांबी हातात येते. साखळी तपासण्याचंच काम हे, फक्त माप आकाशात ठेवलेलं.

पूर्व-पश्चिमेला मात्र ही सोय नाही. रेखांशासाठी अचूक वेळ लागते, आणि खेचरांच्या काफिल्यात महिनोन्‌महिने सेकंदाला चुकणार नाही असं घड्याळ टिकवणं त्या काळी जवळपास अशक्य. नैनसिंहाचा रस्ता त्सांगपो नदीच्या काठाने मुख्यतः पूर्व-पश्चिमच गेला. म्हणजे जिथे आकाश मदतीला येत नाही तिथेच पावलांवर सगळा भार. यावर उतारा दोन गोष्टींचा. एक, काठमांडूमार्गे वर चढून तो त्सांगपोकाठच्या त्राडोमला लागला, तिथून ल्हासाला गेला, आणि परतताना तोच पट्टा पुन्हा चालून पुढे मानसरोवराकडे आला. जाताना आणि येताना, एकच रेषा दोनदा. दुसरं, रेषेच्या पश्चिम टोकाला कुमाऊँची शिखरं त्रिकोणमापनाने आधीच पक्की बसलेली होती. ट्रॅव्हर्स ज्ञात बिंदूवर निघून ज्ञात बिंदूवर मिटला की मधली चूक वाटून टाकता येते. न मिटलेला, लोंबकळता ट्रॅव्हर्स कुठल्याही कनिष्ठ अभियंत्याने साहेबापुढे ठेवून बघावा.

उंचीचं थोडक्यात. पाणी किती अंशांवर उकळतं ते बघायचं. वर गेलं की दर तीनशे मीटरला साधारण एक अंश सेल्सियसने उत्कलनबिंदू उतरतो. ल्हासात पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. थर्मामीटर वाचण्यात अर्ध्या अंशाची गफलत झाली की उंची दीडशे मीटरने हुकते, शिवाय हवामान बदललं की हवेचा दाब बदलतो. नैनसिंहाने काढलेली ल्हासाची उंची खरीपेक्षा काही शे फूट कमी आली. या साधनांनी मला तरी याहून बरं जमलं नसतं.

आणि एक बारकावा, जो मला या सगळ्यात सर्वांत हुशारीचा वाटतो. पंडितांना वाचनं घ्यायला शिकवलं होतं, त्यावरून अक्षांश काढायला मुद्दाम शिकवलं नव्हतं. गणित डेहराडूनला. ज्याला उत्तर काय यायला हवं हे माहीत नाही, त्याला वाचन ‘बसवता’ येत नाही. मोजायला न जाता बंगल्याच्या ओसरीवर बसून भरलेली फील्डबुकं (मोजणीच्या नोंदवह्या) ज्यांनी तपासली आहेत, त्यांना यातली खोच कळेल. यात अविश्वास आहे, वसाहतवाल्याचा उर्मटपणाही आहे. पण त्यामुळेच नंतर या आकड्यांवर शंका घेणाऱ्यांना जागा उरली नाही.

त्या सफरीत एकूण सुमारे १२०० मैल आणि पंचवीस लाख पावलं झाली. पुढे १८७४-७५ मध्ये नैनसिंह लेहहून ल्हासामार्गे तवांगवरून आसामात उतरला, आणि १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिलं. त्याचा भाऊबंद किशनसिंह तर चार वर्षांत, १८७८ ते १८८२, तिबेट ओलांडून थेट गोबीच्या कडेच्या दुनहुआंगला पोचला. वाटेत लुटला गेला, कित्येक महिने अडकून पडला. परतीच्या एका टप्प्यात दरोडेखोरांच्या भीतीने सोबत्यांनी त्याला घोड्यावर बसायला भाग पाडलं, तर हा गडी घोड्याची पावलं मोजत राहिला. उजवा पुढचा पाय किती वेळा टेकला, ते. ट्रॅव्हर्स तुटू द्यायचा नाही.

आता किंथुप. माझ्या मते या सगळ्यांत मोठा माणूस, आणि त्याला लिहिता-वाचताही येत नव्हतं.

तेव्हाचं कोडं असं होतं: तिबेटात पूर्वेकडे वाहणारी त्सांगपो डोंगरांत गडप होते, ती पुढे कुठे निघते? ब्रह्मपुत्रेत की ब्रह्मदेशातल्या इरावतीत? गडप होते तिथे तिचं पात्र सुमारे तीन हजार मीटर उंचीवर, आणि आसामात निघते तिथे शे-दीडशे मीटरवर. मधल्या थोड्याशा अंतरात एवढी उतरते, म्हणजे मध्ये नायगारासारखा प्रचंड धबधबा असणार, अशी लोकांची खात्री होती. मोजणी खात्यातल्या कॅप्टन हार्मनने युक्ती काढली: वरून खुणेचे ओंडके सोडायचे आणि खाली आसामात माणसं बसवून ते येतात का ते बघायचं. कालव्यात गळती शोधताना आम्ही रंग सोडतो, जात तीच.

१८८० साली या कामावर एका चिनी लामाला धाडलं आणि सोबतीला दार्जिलिंगचा सिक्कीमी शिंपी किंथुप. लामाने वाटेत पैसे उडवले आणि किंथुपला एका अंमलदाराला गुलाम म्हणून विकून पोबारा केला. किंथुप पळाला. घरी न जाता नदीच्या दिशेने पळाला, कारण काम राहिलं होतं. पाठलाग झाला तेव्हा मारपुंगच्या मठात आसरा मागितला; मठाधिपतीने पन्नास रुपये मोजून त्याला विकत घेतलं. काही महिने राबल्यावर तीर्थयात्रेची रजा मागून तो जंगलात गेला, फूट-फूट लांबीचे पाचशे ओंडके तासले, गुहेत लपवले आणि मठात परत येऊन पुन्हा राबू लागला. पुन्हा रजा मागून ल्हासा गाठलं आणि ओळखीच्या माणसाकडून पत्र लिहवून घेतलं: अमुक दिवसांपासून रोज पन्नास ओंडके सोडतो, माणसं बसवा. परत मठात चाकरी. शेवटी मठाधिपतीने त्याची निष्ठा बघून त्याला मोकळं केलं आणि त्याने ठरल्याप्रमाणे दहा दिवस, रोज पन्नास, पाचशे ओंडके नदीत सोडले.

खाली कोणी नव्हतं. हार्मन आजारी पडून हिंदुस्थान सोडून गेला होता, पत्र पोचलंच नव्हतं. ओंडके ब्रह्मपुत्रेतून समुद्रात गेले असतील. मोजणी रेषेच्या एका टोकाला चोख झाली आणि दुसऱ्या टोकाला वाचन घेणारा नव्हता.

किंथुप १८८४ मध्ये परतला. सगळा प्रवास त्याने आठवणीतून सांगितला, दुसऱ्यांनी लिहून घेतला, भाषांतर झालं. त्यात दोन वेगळ्या जागा एक झाल्या: नदीवरचा तीसेक फुटांचा खळाळ आणि बाजूच्या ओढ्याचा दीडशे फुटांचा धबधबा. नकाशावर ‘त्सांगपोचा १५० फुटी धबधबा’ उमटला आणि पुढे तो खोटा ठरला की सगळ्या हकिकतीवरच संशय. १९१३ साली बेली आणि मॉर्सहेड हे दोन अधिकारी त्या दरीत उतरले. गावांची नावं, वळणं, टप्पे, बाकी सगळं किंथुपने सांगितल्याप्रमाणे निघालं. बेलीने त्याला दार्जिलिंगहून शोधून काढलं, पेन्शनसाठी खटपट केली. सरकारने हजार रुपये एकरकमी दिले. पेन्शन दिली आणि म्हातारा फार जगला तर, ही काळजी. तो थोड्याच काळात वारला. सरकारी खात्यात हयात घालवलेल्यांना ही टिप्पणी कुठल्या फाइलवर कशी लिहिली असेल ते डोळ्यांपुढे येईल.

राहिला प्रश्न ‘शोध’ या दाव्याचा. त्राडोमहून ल्हासाला जाणारा रस्ता शोधायचा नव्हता. तो सरकारी हमरस्ता होता, ठरावीक टप्प्यांवर घोडी बदलायची ठाणी होती, लडाखी काफिले दरवर्षी त्यावरून जात. नैनसिंह त्यांच्याच सोबतीने गेला. तेव्हा ‘ल्हासाचा शोध’ हे वाक्य मी कोणाला लिहू देणार नाही. नवीन काय झालं, तर ल्हासा आणि लंडन, मद्रास, मिलम एकाच मापाने जोडले गेले. तिबेटी व्यापाऱ्याला रस्ता माहीत होता तो चालून. पंडिताच्या नोंदीमुळे तो रस्ता कधीच न चाललेल्या माणसाला माहीत झाला.

त्याची किंमत ज्यांनी मोजली ते वेगळेच. शरच्चंद्र दास हे बंगाली विद्वान विद्येच्या ओढीने आणि सरकारच्या मदतीने तिबेटात राहून आले. ते कोण होते हे नंतर उघड झालं तेव्हा त्यांना आसरा देणाऱ्या सेंगचेन लामाला नदीत बुडवून मारण्यात आलं. आणि १९०४ साली इंग्रज अधिकारी यंगहसबंडची फौज ल्हासात घुसली तेव्हा ल्हासा कुठे आणि किती दूर हे तिच्या नकाशावर आधीच होतं. मोजणीदार म्हणून मला नैनसिंहाचं कौतुक पोटातून वाटतं, पण ती हेरगिरी होती हे झाकायचं कारण नाही. तिबेटने सीमा बंद ठेवल्या होत्या त्या उगाच नाही.

कोणाला स्वतः करून बघायचं असेल तर सोपं आहे. किलोमीटरचे दगड असलेला सपाट रस्ता निवडा, एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत पावलं मोजा, जाताना आणि येताना. दोन आकडे शंभराला एकच्या आत जुळेपर्यंत हे करत राहा. खिशात शंभर खडे ठेवून दर शंभर पावलांना एक टाकलात तर गणती चुकणार नाही. मग तेच घाटात करा, पाठीवर ओझं घेऊन, चढताना एकदा आणि उतरताना एकदा. चढाचा आणि उताराचा आकडा वेगळा येईल. तो किती वेगळा येतो ते लिहून ठेवा, आणि मगच एखादं अनोळखी अंतर मोजायला घ्या.